सोळा किलोचा राग

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. पण माझ्यात चहा ओतायला जाऊ नका. मी आतून भरीव आहे, ओतीव लोखंडाची, वजन सोळा किलो. व्यायामाच्या पुस्तकात माझं नाव केटलबेल असं छापलेलं असतं. डहाणूजवळच्या मसोलीतल्या व्यायामाच्या शेडमध्ये ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी किटली झाले. नावाचं मला काही वाटत नाही. ज्याचं वाटतं ते सांगायला बसले आहे, आणि गोड बोलून सांगायचा आज माझा विचार नाही.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेत झाला. मोडके पंप, फुटकी चाकं, कुणाच्या तरी विहिरीचा रहाट, असलं सगळं भंगार एका भट्टीत गेलं. कुठला तुकडा कुठून आला, हे भट्टीनं विचारलं नाही. सगळं लाल झालं, मग पांढरं झालं, मग वाळूच्या साच्यात पडलं आणि निवल्यावर मी झाले. अंगावर काळा रंग चढला, पोटावर सोळाचा आकडा उमटला, आणि आम्ही आठ जणी पोत्यांत बसून डहाणू रोडला उतरलो.

आम्हाला मागवलं होतं प्रभाताईंनी. त्या एका शाळेत खेळ शिकवतात. शेड मात्र एकनाथकाकांची. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ, आवाज खणखणीत. त्या शेडमध्ये पूर्वी चिकू निवडून पेट्या भरायचे. अजूनही उन्हं तापली की भिंतींना चिकूचा गोड वास सुटतो. रिक्षावाल्यानं आमचं पोतं उतरवताना कंबर धरली आणि विचारलं, "काका, यात देव आणलेत की काय?"

काका म्हणाले, "देवच समज. पण हे नुसत्या नमस्कारानं पावत नाहीत. उचलावे लागतात."

ते दिवस चांगले होते. शाळेतले शिक्षक येत, रेल्वे कॉलनीतल्या बायका येत, कचेऱ्यांमधले कारकून येत. आम्हाला दोन पायांच्या मधून मागे न्यायचं आणि कंबरेच्या झटक्यानं छातीपर्यंत पुढे सोडायचं, हा मुख्य व्यायाम. प्रभाताई चुका पकडत आणि काका भिंतीशी बसून टाळ वाजवत. टाळाच्या एका ठोक्याला एक झोका. आकडे मोजायचे नाहीत, विठ्ठल म्हणायचं. तीस विठ्ठल झाले की खाली ठेवायचं. बाहेरून जाणाऱ्याला वाटे आत भजन चाललंय, आणि आत डोकावला तर दहा माणसं घामानं निथळत असत.

शनिवारी व्यायाम संपला की काला व्हायचा. कीर्तनाच्या शेवटी होतो तसाच. ज्यानं त्यानं आपला डबा एका मोठ्या परातीत रिकामा करायचा. कुणाचे मोड आलेले मूग, कुणाचे दाणे-गूळ, कुणाचं दही, कुणाच्या लाह्या. काका स्वतःच्या हातानं ते सगळं कालवत आणि प्रत्येकाच्या तळहातावर घास ठेवत. आपला डबा कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, ते ओळखू येत नसे. काका माळकरी, म्हणून परातीत मासळी किंवा अंडं यायचं नाही, एवढाच नियम. तो कुणी लिहून लावलेला नव्हता. सगळे मानानं पाळत.

अशातच गेल्या दिवाळीनंतर सोनीबाई आल्या.

सोनीबाई तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या. घरची थोडी भातशेती, नाचणी. वय पन्नाशीच्या पुढं. पाड्याजवळच्या एका आश्रमशाळेत अठरा वर्षं त्या शंभर पोरांचा स्वयंपाक करत आल्या होत्या. एके दिवशी वरणाचं पातेलं उतरवताना त्यांच्या कंबरेत चमक भरली आणि अर्धं वरण जमिनीवर सांडलं. कुणी भाजलं नाही. पण नव्या अधीक्षकांनी फर्मान काढलं: महिन्याभरानं तपासणी, भरलेलं पातेलं एकटीनं उतरवून दाखवायचं. जमलं नाही तर दुसरी बाई ठेवू. हे ऐकून सोनीबाई जीपमध्ये बसून मसोलीला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "हितं कंबर दुरुस्त होते म्हणतात. खरं हाय का?"

प्रभाताईंनी त्यांच्या पाठीला एक लांब काठी लावली. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेले हवेत, आणि तसंच वाकायचं. सोनीबाई वाकल्या. काठी सुटली.

"मावशी, पाठ वाकवताय. कंबर मागे न्या. किती वर्षं असं वाकताय?"

"जन्मल्यापासून. भात काय उभ्यानं लावतात?"

सगळे हसले, त्याही हसल्या. पण चौथ्या दिवशी काठी सुटली नाही. आठव्या दिवशी त्यांनी आठ किलोची माझी धाकटी बहीण झुलवली, आणि पंधरवड्यात माझ्यापर्यंत पोचल्या. मित्रांनो, माझ्या मुठीवर बरेच हात पडले आहेत. काही हात मला शोभेसाठी धरतात, आरशात बघतात. सोनीबाईंचा हात तसा नव्हता. तळव्यांना आधीच घट्टे होते, त्यावर माझे आणखी पडले.

प्रभाताई खाण्याचीही चौकशी करत.

"सकाळी काय खाल्लं?"

"चहा."

"चहाबरोबर?"

"चहाबरोबर अजून थोडा चहा."

"मावशी, तुम्ही शंभर पोरांना अंडं मोजून वाढता. तुम्ही कधी जेवता?"

"पोरं उठली की. उरलं तर भात, नाय तर वरणाचं पाणी."

प्रभाताईंनी कपाळाला हात लावला आणि सांगितलं, "घरी नाचणी आहे, कुळीथ आहे, दारात शेवगा आहे. तेच खा, पण पोटभर आणि वेळेवर. घरी सुकट खात असाल तर तीही खा. पोरांच्या आधी दोन घास तुम्ही खाल्लेत म्हणून पोरं उपाशी मरत नाहीत."

तेव्हा शेडमध्ये दर्शन नावाचे एक कारकून येत. स्वभावानं वाईट माणूस नव्हे, पण ज्ञान फार. त्यांच्याकडे पावडरीचा एक मोठा डबा असे. ते सोनीबाईंना म्हणाले, "मावशी, पाल्यानं काय होणार? ही परदेशी पावडर आहे. एका चमच्यात ताकद."

सोनीबाईंनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही दोन वर्षं खाताय ना? मग बाराच्या किटलीवरच का अडकलात?"

शेडभर हशा पिकला. काकांनी तर टाळ खाली ठेवून हसून घेतलं. दर्शनही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते मी पाहिलं होतं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तपासणीला नऊ दिवस उरले होते. शनिवार होता. सोनीबाईंनी मला एका दमात तीस विठ्ठल झुलवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग परात आली, डबे रिकामे झाले. काकांनी कालवलं, पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला, कारण पहिला घास त्यांचाच असे. दर्शननी दुसरा घास तळहातावर घेतला, नाकाशी नेला आणि ओरडले, "यात जवळा आहे!"

खरंच होता. सोनीबाईंच्या शेवग्याच्या भाजीत मूठभर जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, होता. सोनीबाईंनाही ठाऊक नव्हतं. डबा त्यांच्या सुनेनं, प्रगतीनं भरला होता. सासू मोठ्या माणसांच्या पंगतीला जाते, मग नुसता पाला कसा द्यायचा? म्हणून तिनं घरातली चांगली वस्तू त्यात घातली होती. मान राखायला घातलेली वस्तू, मित्रांनो!

"काकांची माळ बाटवली," दर्शन म्हणाले. "ठरलेलं असतं ना मावशी? तुमच्या डोंगरात चालत असेल."

"सुनेनं घातला, मला माहीत नव्हतं," सोनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "काका, चूक झाली."

काकांनी परातीतला हात काढला. उठले, नळाशी गेले, नळ सोडला. चूळ भरली. पुन्हा भरली. पुन्हा भरली.

"यापुढं मावशींनी व्यायाम करावा, त्याला आमची हरकत नाही," दर्शन म्हणाले. "डबा मात्र बाहेर पायरीवर खावा."

एकजण तरी बोलेल, असं मला वाटलं. शिक्षक आपल्या बुटांकडे बघत होते. रेल्वे कॉलनीतल्या बायका पदरानं घाम पुसत होत्या. घाम केव्हाच वाळला होता. प्रभाताईंनी तोंड उघडलं आणि काकांच्या पाठीकडे बघून मिटलं. सोनीबाईंनी रिकामा डबा पिशवीत घातला आणि त्या निघून गेल्या.

आता मला विचारा राग कशाचा आला. दर्शनचा आलाच, पण तो थोडा. ज्याला किटली झेपत नाही, त्याला माणूस काय झेपणार? माझा खरा राग काकांवर. याच शेडमध्ये दर कार्तिकात कीर्तन होतं, मी कोपऱ्यात बसून ऐकते. बुवा रंगात येऊन सांगतात, देवानं सगळ्या गड्यांच्या शिदोऱ्या सोडवल्या, कुणाची शिळी, कुणाची आंबलेली, आणि सगळं एकत्र कालवून खाल्लं, कुणाचं उष्टंही टाकलं नाही. ते ऐकताना याच काकांच्या डोळ्यांना धार लागते, उपरणं भिजतं. मग त्या शनिवारी ती सगळी धार नळालाच गेली का? चूळ भरायला माझी ना नाही. माळ आहे, नेम आहे, भरावी चूळ. पण चूळ भरून झाल्यावर तोंड रिकामंच होतं ना? मग त्या तोंडातून एक शब्द का निघाला नाही?

दुसऱ्या दिवशी प्रभाताईंनी मला पोत्यात घातलं, स्कूटीवर पायाशी ठेवलं आणि डोंगरातल्या पाड्यावर नेलं. सोनीबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"मावशी, नऊचे आठ दिवस राहिले. शेडमध्ये यायचं नसेल तर नका येऊ, पण ही घ्या. इथंच करा."

"परत न्या बाय. तिला तुमच्या शेडचा वास मारतोय."

"मी बोलायला हवं होतं."

"व्हय. हवं होतं," सोनीबाई म्हणाल्या आणि सूप आपटलं.

प्रभाताई मला ओसरीच्या कडेला ठेवून गेल्या. चार दिवस मी तिथं पडून होते. पहाटे दंव पडे, माझ्या मुठीवर गंजाचे तांबडे ठिपके उठले. एका कोंबडीनं माझ्यावर जागा धरली. शेळीनं अंग घासलं. प्रगतीनं एकदा मला दाराला टेकण म्हणून लावलं. सोनीबाई शाळेतून येत, माझ्याकडे न बघता आत जात, आणि पुन्हा चहावर दिवस काढत. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, त्यांच्यावरचा राग स्वतःच्या पोटावर का काढतेस?

गुरुवारी दुपारी एकनाथकाका आले. जीप खालच्या रस्त्याला सोडते, तिथून चढण आहे. धापा टाकत आले आणि अंगणातच उभे राहिले.

"सोनीबाय, माफी मागायला आलो."

"पाणी प्या काका. चढण हाय."

त्यांनी पाणी घेतलं, प्यायले. तांब्या खाली ठेवला. "माझी चूक झाली. तुझी काही नव्हती."

"ते मला इथं काय सांगता? माझी चूक नव्हती ते मला माहीत हाय. सुनेला माहीत हाय. ही कोंबडी सुद्धा जाणते. ज्यांना माहीत नाय, ते तुमच्या शेडमध्ये बसलेत. त्यांच्यापुढं तुमची वाचा बसली आणि माझ्या अंगणात फुटली?"

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"जा काका. उन्हं कलायच्या आत जीप धरा."

ते गेले. सोनीबाईंनी तांब्या उचलून ओसरीवर ठेवला. मग एकदम वळल्या, कोंबडी उडवली आणि मला उचललं. पहिला झोका नुसत्या रागाचा, हातानं ओढलेला, कंबर कळवळली. त्यांनी मला खाली ठेवलं, नाकानं खोल श्वास घेतला, पाय रोवले. दुसऱ्या झोक्याला राग खांद्यातून उतरून कंबरेत गेला, आणि मग मी अशी सुटले की ओसरीवरची प्रगती मागे सरकली. तीस झाले. टाळ नव्हता, विठ्ठलही नव्हता. दात आवळलेले होते. झाल्यावर त्या आत वळून म्हणाल्या, "प्रगती, भाकर वाढ. दोन वाढ. आणि जवळा घाल भरपूर."

शनिवारी त्यांनी मला पिशवीत घालून मसोलीला नेलं. शेडमध्ये परात नुकतीच मांडली होती. त्यांना बघून सगळ्यांचे हात थांबले.

"मी जेवायला नाय आले," सोनीबाई म्हणाल्या. "प्रभाबाय, पाठीला काठी लाव. कंबर बरोबर जाते की नाय, ते माझं मला दिसत नाय. सोमवारी तपासणी हाय."

प्रभाताई काठी घेऊन उठल्या. तेवढ्यात काका उभे राहिले.

"आधी मला बोलू द्या," ते म्हणाले. कीर्तनात बुवा उभे राहतात तसे नव्हे. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "गेल्या शनिवारी मी तीनदा चूळ भरली. एकदा पुरली असती. पुढच्या दोन मी देवासाठी नाही भरल्या, तुम्ही बघत होता म्हणून भरल्या. या बाईला पायरीवर जेवायला सांगितलं, तेव्हा माझे कान उघडे होते. मी ऐकलं आणि गप्प बसलो. माळ तिनं नाही बाटवली. मी बाटवली."

काकांनी परातीकडे हात केला.

"आणि दुसरं. माझ्या एकट्याच्या नेमासाठी तुम्ही सगळे आपापले डबे बदलत होता. मला ते गोड वाटायचं. आजपासून माझं ताट वेगळं. नेम माझा आहे, तर बाहेर मी बसेन." त्यांनी आपली थाळी घेतली, दरवाजाबाहेर गेले आणि पायरीवर बसले.

"काका, असं कसं? मग काल्याला अर्थ काय राहिला?" दर्शन म्हणाले.

"अर्थ शोधायला तू आत आहेस की," काका बाहेरून म्हणाले. "मला भूक लागलीय."

सोनीबाईंच्या डोळ्यांत पाणी येईल असं तुम्हाला वाटलं असेल. नाही आलं. त्यांनी पाठीला काठी लावून घेतली, दहा वेळा वाकल्या, काठी दहाही वेळा टेकलेली राहिली. "बरोबर हाय ना? बस्स," म्हणाल्या, मला पुन्हा पिशवीत घातलं आणि निघाल्या. पायरीवर काकांशेजारून जाताना एवढंच म्हणाल्या, "तिथं बोललात. बरं केलंत." बसल्या मात्र नाहीत.

सोमवारी त्यांनी मला आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात आणलं आणि अंग गरम करायला दहा झोके घेतले. अधीक्षक कागद घेऊन आले. सोनीबाईंबरोबर काम करणाऱ्या भिकीबाईंना त्यांनी भिंतीशी उभं केलं, मदत करायची नाही अशी तंबी देऊन. बाहेर पोरं ताटल्या घेऊन रांगेत होती.

वरणाचं पातेलं उकळून थांबलं होतं. सोनीबाईंनी दोन्ही हातांत फडकी घेतली, पाय रोवले, कंबर मागे नेली. काठी नव्हती, पण मला ती दिसत होती. डोकं, पाठ, माकडहाड एका रेषेत. त्यांनी श्वास रोखला आणि पातेलं चुलीवरून उठलं. तीन पावलं. ओट्यावर टेकलं. थेंब सांडला नाही.

"ठीक आहे," अधीक्षक कागदावर लिहीत म्हणाले. "आता रोज असंच."

"रोज नाय," सोनीबाई म्हणाल्या.

अधीक्षकांनी कागदावरून मान वर केली.

"मला काढू नये म्हणून उचलून दाखवलं. रोज उचलणार नाय, कारण मला मोडायचं नाय. साहेब, पातेल्याला कड्या दोन हायेत. ज्यानं ते घडवलं, त्याला कळत होतं की हे दोघांचं काम. तुम्हाला कळत नसेल, तर या, भाताचं पातेलं चुलीवर हाय, एकट्यानं उतरवा."

अधीक्षकांनी भाताच्या पातेल्याकडे बघितलं, वाफेकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं.

"भिकी, ये," सोनीबाई म्हणाल्या.

भिकीबाई भिंतीशी अडखळल्या. एकदा साहेबांकडे बघितलं. बाहेर पोरांनी ताटल्या वाजवायला सुरुवात केली होती. मग त्या आल्या आणि दुसरी कडी धरली. अधीक्षक बाजूला झाले. त्यांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

तेव्हापासून मी इथंच आहे, ओट्याखाली. भांडी झाली की सोनीबाई आणि भिकीबाई आळीपाळीनं मला झुलवतात. पोरांच्या आधी दोघी दोन घास खातात. काका दर शनिवारी पायरीवर जेवतात, असं प्रभाताई सांगतात. सोनीबाई अजून त्या परातीला गेलेल्या नाहीत. जायचं की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. त्यांना कुणी घाई करू नये.

मित्रांनो, माझी निगा सोपी आहे. वापरून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा. गंज चढलाच तर विटकरीनं घासा, निघून जातो. पण तुमच्यादेखत कुणाला पंगतीतून उठवलं, तर आठवड्यानं चढण चढून माफी मागायला जाऊ नका. तिथंच, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर बोला. त्या शनिवारी मी त्या शेडमध्ये होते आणि बोलू शकले नाही, कारण मी लोखंड आहे. तुम्ही लोखंड नाही.